कार्यालयाला एकच कायदा

ती. अमरसिंहमामा यांस,
सा. न.

मामींचा गुडघा कसा आहे? तुम्ही आमदार झाल्यापासून फोन उचलत नाही, म्हणून घडले ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी परिपत्रक आले. कायद्यात बदल सुचवायचा तर एका अधिवेशनाला प्रत्येक सरकारी कार्यालयाला एकच प्रस्ताव. न्यायालयांनाही तेच. त्यावर एका आमदाराची सही हवी, नाहीतर प्रस्ताव रद्द.
२. आमच्या वजनमापे कार्यालयातून माझा प्रस्ताव निवडला गेला: डेअऱ्यांतील फॅट मोजणारी यंत्रे दर तीन महिन्यांनी तपासावीत. दोन ओळी.
३. गुरुवारी त्याची तीन पाने झाली.
४. शनिवारी पुन्हा दोन ओळी.

तिसऱ्या कलमाबद्दल. (अक्षर तिरके दिसले तर पेन नवीन आहे. मी शांत आहे.) आमचे साहेब गणपतराव यांनी परिपत्रक दोनदा वाचले आणि म्हणाले, "क्रांती, प्रस्ताव एकच म्हटलंय. मागणी एकच कुठं म्हटलंय?" आणि माझा पूर्णविराम खोडून पुढे 'तसेच' लिहिले. तसेच पेट्रोल पंप, तसेच सराफांचे काटे, तसेच साहेबांच्या पदाला उपसंचालक हे नाव. बुधवारी न्यायालयातले बसवेशअण्णा आले. त्यांचा एकमेव प्रस्ताव आधीच गेला होता आणि साक्षीदारांचा प्रवासभत्ता राहिला होता. "ताई, तुमच्या फॅटमागं आमचा भत्ता बसतोय की!" बसवला. (एकूण एकतीस 'तसेच'. मी मोजले.)

शुक्रवारी मुंबईहून शेरा आला: विषय एकच ठेवा, आणि मोजमापाचा आधार नसलेले सर्व वगळा. साहेबांच्या पदनामाचे मोजमाप निघेना. मी मात्र दोन महिन्यांत, डेअरीला दूध घालणाऱ्या तानाबाईंच्या म्हशीच्या दुधाचे चाळीस नमुने प्रयोगशाळेतून तपासून घेतले होते. फॅट सहा, डेअरीतले यंत्र दाखवते पाच पूर्णांक चार. प्रत्येक वेळी. (तानाबाई तोवर म्हशीलाच शिव्या घालत होत्या: "सरकी चारून चारून दमले, पर हिला फॅट लागंना!" दोष यंत्राचा आहे म्हटल्यावर उठल्या आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून आल्या.)

तर मामा, शनिवारी फक्त माझ्या दोन ओळी उरल्या. त्यांचा कायदा होऊ शकतो! साहेबांना मी "ठीक आहे" एवढेच म्हणाले. जिना मात्र दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले.

हे पत्र निव्वळ खुशालीचे आहे.

तुमची भाची,
क्रांती

ता. क. आमच्या ओळखीत आमदार एकच आहे.

आणखी ता. क. ते यंत्र पेठ वडगावच्या तुमच्या डेअरीतले आहे. प्रस्तावासोबतच्या तक्त्यात डेअरीचे नाव आहे आणि ते मी काढणार नाही. तानाबाईंनाही ते माहीत आहे. त्या अजून तरी तुम्हालाच मत देतात.

मुदत येत्या शुक्रवारी संपते. सही करणार की नाही, ते गुरुवारी दुपारी बारापर्यंत कळवा.