इथे थांब, पाणी पी

६ ऑक्टोबर, मंगळवार
आजही सुरुचीचं भाषण लिहून पाठवलं. नवरोबा राजीव तोयोसुला ऑफिसला गेला, जाळायच्या कचऱ्याची पिशवी खाली ठेवून आले आणि बसले! अमेरिकेत बाईसाहेब झोपतात तेव्हा इकडे जपानात, फुनाबोरीत माझा दिवस असतो. त्या उठेपर्यंत भाषण तयार. आधी साधी सरकारी वकील, मग दोनदा राज्याची अ‍ॅटर्नी जनरल — तिकडे त्या पदासाठीही मतं मागावी लागतात! — आणि आता गव्हर्नरपदाला उभी. सगळी भाषणं माझी. आम्हा दोघींशिवाय फक्त राजीवला माहीत आहे.

८ ऑक्टोबर
कपाट आवरताना जुनी वही सापडली. पुण्याचं लॉ कॉलेज, अभिरूप न्यायालयाची स्पर्धा! मी लिहायचे, सुरुची बोलायची. रंगात आली की शब्द गिळायची, म्हणून मी समासात लिहायचे — 'सुरे, इथे थांब. पाणी पी.' करंडक घेऊन आम्ही कॅन्टीनपर्यंत पळत गेलो होतो. किती हसलो!

फार आठवतात ते दिवस. लग्न करून इकडे आले आणि माझी वकिली राहूनच गेली. समासातली ती ओळ मात्र अजून प्रत्येक भाषणात टाकते.

१० ऑक्टोबर
सुरुचीचा फोन नाही. प्रचारात असेल.

१३ ऑक्टोबर
घोळ झाला! तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी माझी फाइल जशीच्या तशी पत्रकारांना पाठवली. समासातलं मराठी, खाली माझं नाव, सगळं! विरोधक विचारतायत — जपानमधली ही परदेशी बाई कोण?

१४ ऑक्टोबर
सकाळी तिचा फोन. "शैले, उद्या निवेदन वाचायचंय. भाषणं माझी मीच लिहिते, असं सांग म्हणतायत सगळे." मग म्हणाली, "तूच लिहून दे ना गं. मला सुचतच नाहीये."

लिहिलं. दुसरं काय करणार? 'शैलजा ही माझी कॉलेजातली एक ओळखीची, एवढंच.' हे वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं. ती माझ्यामुळे पडायला नको. पण रडू आलंच. या वेळी समासात काही लिहिलं नाही.

१५ ऑक्टोबर
स्टेशनवर उभ्या उभ्या तिच्या निवेदनाचा व्हिडिओ पाहिला. त्या 'ओळखीची' शब्दापाशी ती थांबली. पाणी प्यायली. मग कागद पालथा घालून म्हणाली, "हेसुद्धा शैलजानंच लिहून दिलंय."