तिसऱ्या कॅलेंडरातली नोंद

प्रिय छोटी,

आमच्या दवाखान्याच्या युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांसाठी नवं ईमेल आणि कॅलेंडर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. सर्जनबाईंना मोठी बटणं हवीत, स्वागतकक्षाला सगळ्यांच्या वेळा एकाच पडद्यावर हव्यात, आणि मला आपला काळा पडदा आणि कीबोर्ड मिळाला की झालं. ज्याला जसं हवं तसं वळवून घेता येईल असं एकच सॉफ्टवेअर शोधायचं, म्हणजे सगळ्यांची मर्जी सांभाळत बसायचं. तीन बाजूला काढली आणि महिनाभर वापरून पाहिली. चाचणीला खोट्या नोंदी घालायच्या नाहीत ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे, म्हणून स्वतःच्याच भेटीगाठी घालत होतो.

गेल्या सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून तिसऱ्या कॅलेंडरात वेळ लिहायला गेलो, तर ती तिथे आधीच होती. बुधवार, अकरा वाजता, माझ्याच शब्दांत. एकदा नाही, पाच वेळा. वाटलं, हे सॉफ्टवेअरच नोंदी वाढवतंय. तावातावाने बनवणाऱ्यांना तक्रार लिहिली आणि मग लॉग उघडला, कोणी कधी काय लिहिलं ते यंत्र टिपून ठेवतं तो. पाच वेगवेगळ्या दिवशी, माझ्या नावाने, माझ्याच टेबलावरून. लॉग खोटं बोलत नाही, हे तुला या कामात आणताना मीच सांगितलं होतं. आणि चिठ्ठीवरचा तो बुधवार होऊन पाच दिवस उलटले होते.

तेव्हापासून मला फार भीती वाटते गं. लहानपणी तू डबा शाळेत विसरायचीस म्हणून मी तुझ्या तळहातावर पेनाने 'डबा' लिहायचो आणि वर तुला धांदरट म्हणून चिडवायचो. परवा सर्व्हरच्या खोलीत उभा होतो, कशाला आलो ते आठवेना. नकळत तळहात उलटून पाहिला.

निवड झाली. दुसरं सॉफ्टवेअर घ्या म्हणालो आणि समितीला चांगली दीड पान कारणं दिली. खरं कारण त्यात नाही. त्यात आपलं कॅलेंडर दुसऱ्याच्या हाती सोपवता येतं. माझं मी तुझ्या हाती दिलंय. वाच, खोड, हवं ते लिही. डॉक्टरांची नवी वेळ येत्या शुक्रवारी दहाची आहे. तू ये आणि मला घेऊन जा. तुझ्या वहिनीला अजून काही बोललेलो नाही. हे सगळं ईमेलनेच पाठवणार होतो, पण पाठवलेल्या पत्रांची यादी उघडून पाहायचं धाडस होत नाही, म्हणून कागद घेतला. असंच पत्र तुला आधी आलं असेल, तर मला सांगू नकोस. दोन्ही सोबत आण आणि डॉक्टरांना दाखव.

तुझाच,
दादा