चारुदत्तांचा सॅक्सोफोन

हॅलिफॅक्स

ती. अक्का,

तुझ्या वसूचा नमस्कार. अर्धांगाच्या झटक्यातून हे आता सावरलेत, काळजी करू नकोस. काठी घेऊन वॉशरूमपर्यंत एकटे जातात. उजवा हात आणि ओठ मात्र अजून वळत नाहीत.

रविवारी ओताव्हिओ आला होता, आमचा ब्राझीलचा मित्र. तू इथे असताना त्याला पोहे खाऊ घातले होतेस. साठच्या दशकात ब्राझीलची गिटार आणि अमेरिकन जॅझचा सॅक्सोफोन नव्याने एकत्र आले, तेव्हाच्या चाली हे दोघं आमच्या बेसमेंटमध्ये वर्षानुवर्षं वाजवत आले.

"चारू, यू प्ले," म्हणत त्याने गिटारवर हळू ठेका धरला. मी सॅक्सोफोन यांच्या तोंडाशी धरला. डाव्या हाताची बोटं बरोबर पडली, पण आतून नुसती हवा आली, आणि लाळ. ओताव्हिओ थांबला नाही. यांच्या सुरांची जागा मोकळी सोडून वाजवत राहिला. तेच यांना सहन झालं नाही.

"स्टॉप इट," हे म्हणाले. मग मला मराठीत, "त्याला पुन्हा बोलावू नकोस."

आमची ईशानी म्हणते, "गिव्ह हिम टाइम, आई." पण काल यांच्या हट्टापायी मी सॅक्सोफोन इथल्या एका शाळेला देऊन आले.

"दिलास?"

"दिला."

"बरं केलंस," म्हणाले आणि जेवायला बसले.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी फिरायला जातात ना?

अक्का, हे रडले असते तर बरं झालं असतं.

तुझीच,
वसू