न्हाऊ पायांवर घालतात

गो श्रिया,

मी सांगते आणि तुझी आई शुद्ध मराठीत लिहिते, माझ्या शिव्या गाळून.

आरोंद्याला येऊन माझ्याच हातावर बाळंत व्हायचं म्हणतेस. सुईण म्हणून अर्धा गाव मी या हातांवर घेतला, तुलासुद्धा. पण आता कप उचलला तर चहा बशीतच जास्त सांडतो. तू आपली डॉक्टरणीकडे जा. बाळाला न्हाऊ मात्र मीच घालीन. ते पायांवर घालतात, आणि पाय माझे अजून घट्ट आहेत.

(श्रिया, पुढचं ती मला म्हणाली, तसंच लिहून धाडते. – आई)

"सरला, थांब गो. हात थरथरतत ह्या तिणा वाचल्यान, तर बाळ माका कोण देतला? ह्या पत्र धाडू नको. फोनार इतक्याच सांग, आजी म्हणता, डॉक्टरणीकडेच जा."

तेल तापवून, पाय पसरून वाट बघणारी,
तुझी आजी