कोरडं चढायचं

६ नोव्हेंबर, दुपार

प्रिय मामा,

नमस्कार. 'तीर्थरूप' वगैरे लिहिलं असतं तर तू लगेच मामीला हाक मारून म्हणाला असतास, "बघ गं, भाचीला काहीतरी हवंय." तसं हवंच आहे, पण ते मागाहून. आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावलं तरी तू गच्चीत जाऊन समोरच्या कामावरची क्रेन बघत बसतोस, असं बारकी सांगत होती. ती चालवणारा गाढव आहे, हेही कळलं. आजवर तू गाढव म्हटलं नाहीस अशी क्रेन चालवणारी मी एकटीच उरले असेन.

तुझं पत्र मिळालं. बारकी क्रेनची परीक्षा पास झाली, एक तारखेपासून कामावर जाणार, वाचून बरं वाटलं. तुझी मुलगी ती, होणारच होती. तू लिहिलंयस की सुरुवातीचे काही दिवस तिला तुझ्याबरोबर क्रेनच्या केबिनमध्ये ने, 'आणि मुख्य म्हणजे कोरडं चढायला शिकव, ते बाईने बाईला सांगितलेलं बरं.'

तेवढं मात्र जमणार नाही. सध्या इथे वारा फार आहे, काम सारखं थांबतं. नवीन माणसाला वर घ्यायचं म्हटलं की साहेब कुरकुरतो. शिवाय आमचा सिग्नल देणारा, ज्याला सगळे शिट्टी म्हणतात, तोही हल्ली फार चिडचिड करतो. तेव्हा पुढे कधीतरी बघू.

वरचा परिच्छेद आत्ता परत वाचला. सगळ्या थापा आहेत. वारा नाही. शिट्टी देवमाणूस आहे. साहेब कुरकुरतो, पण तो ऊन पडलं तरी कुरकुरतो. मामा, मी वर जातच नाही. उन्हाळ्यापासून मी खाली स्टोअरमध्ये बसते, हेल्मेटं आणि कमरेचे पट्टे देते, संध्याकाळी परत घेते. स्टोअरला लागून संडास आहे, म्हणून ती जागा मी मागून घेतली. आपल्या माणसांत हे इतके दिवस फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. तू दर पत्रात विचारतोस, वरून काय काय दिसतं, आणि मी मागच्या वर्षी दिसलेलं लिहून पाठवते.

मला दुखणं आहे. ओटीपोटात, अगदी खाली, जिथलं मामाला सांगत नाहीत तिथे. खरं तर मामीला लिहायला हवं होतं, पण मामी चष्मा शोधत बसणार आणि शेवटी तुलाच मोठ्याने वाचायला लावणार, त्यापेक्षा तूच वाच. लघवीची पिशवी जराशी भरली की आत निखारा ठेवल्यासारखं होतं. जाऊन आलं की थोडं बरं, आणि हात धुऊन होतात न होतात तोच पुन्हा. येतं थेंबभर. बसलं तरी दुखतं, चाललं तरी दुखतं. नवऱ्याचा नुसता हात लागला तरी अंग आखडतं. तो आता बाहेरच्या खोलीत झोपतो. भांडण नाही रे, भांडण असतं तर मिटवता आलं असतं. रोज गरम पाण्याची पिशवी भरून देतो आणि दार हळूच ओढून घेतो. त्या हळूच ओढण्याचा मला फार त्रास होतो.

सुरुवातीला सगळ्यांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. लघवी तपासली की स्वच्छ. परत गोळ्या, परत स्वच्छ. एक डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. दुसरे म्हणाले, एक मूल होऊ द्या, सगळं आपोआप जागेवर येईल. मूल काय पोस्टाने येतं का, असं विचारणार होते. हे मामीला वाचून दाखवू नकोस, नाहीतर दाखव, ती तरी हसेल.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन आत दुर्बीण घालून बघितलं. लघवीच्या पिशवीचं अस्तर सोलवटून निघालंय, जागोजागी रक्त येतंय. या आजाराला इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. ते ऐकून मी रडायला लागले, तर बाई समजूत घालायला लागल्या. त्यांना वाटलं मी घाबरले. मला हायसं वाटलं होतं, मामा. मी नाटकं करत नाही हे कोणीतरी डोळ्यांनी बघितलं होतं. मग त्यांनी सांगितलं की हे मुळापासून जात नाही, सांभाळून राहायचं. नळीने पिशवीत औषध सोडतात. कधी त्याने आठवडा चांगला जातो, कधी काहीच फरक पडत नाही. चहा बंद, टोमॅटो बंद, आंबट-तिखट बंद. बाकी जगायला परवानगी आहे.

आता कोरडं चढण्याचं. तू शिकवलेलं मला तोंडपाठ आहे. आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं, सकाळी नुसते ओठ ओले करायचे, डब्यात रस्सा नको. पुरुष वर बाटली घेऊन जातात आणि तिथेच मोकळे होतात, त्यांना कोणी हसत नाही. बाई एकदा जरी अध्येमध्ये शिडी उतरली तरी खाली सगळं काम अडतं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी कोणीतरी मिशीवाला बसलेला असतो. तू हे माझ्या काळजीपोटी सांगितलंस. त्याचा उपयोगही झाला, माझ्याकडे बोट दाखवायला कोणाला संधी मिळाली नाही. मला त्याची घमेंडच होती. मला पाणी लागत नाही, असं मी सांगत फिरायचे.

मग दुखायला लागल्यावर मी काय केलं असेल? आणखी पाणी तोडलं. लघवीच झाली नाही तर दुखेल कशाला! जी काही व्हायची ती इतकी घट्ट, इतकी पिवळी की डोळ्यांतून पाणी यायचं, तेवढंच काय ते अंगातलं पाणी. हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पाणी न पिण्यामुळेच हा आजार झाला असं मी म्हणणार नाही, तो कशाने होतो ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. पण तुम्ही रोज स्वतःच्या जखमेवर मीठ चोळत होतात."

मे महिन्यात एक दिवस हुकाला काँक्रीटने भरलेली बादली होती. स्लॅबवर न्यायची होती, खाली माणसं उभी. मधेच अशी कळ आली की माझे हात दांड्यांवर तसेच राहिले. बादली बरोबर त्यांच्या डोक्यावर थांबली आणि झुलायला लागली. वॉकीवर शिट्टी बोलत होता, "ताई, डावीकडे घ्या. ताई, काय झालं? ऐकू येतंय ना?" ऐकू येत होतं. मला बोटही हलवता येत नव्हतं. त्याने आरडाओरडा करून माणसं बाजूला काढली. नंतर कधीतरी मी ती बादली रिकाम्या जागेत उतरवली, तोवर मी बसल्या जागी ओली झाले होते. जन्मभर कोरडी चढलेली मी.

शिट्टी शिडीखाली उभा होता. त्याने अंगातलं जाकीट काढून मला कमरेला बांधायला दिलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. तसाच पाठमोरा म्हणाला, "साहेबांना मी ब्रेक अडकला असं सांगितलंय. पण ताई, उद्या वर नका जाऊ. खाली माझा भाऊ होता."

दुसऱ्या दिवशी मीच साहेबाकडे गेले आणि सांगितलं की ब्रेक नव्हता अडकला, मी अडकले होते. माझी केबिन गेली, मामा. हेल्मेटं पुसताना मान वर होते, आणि मी ती परत खाली घेते.

मला तुझा राग येतो. लिहूनच टाकते, पोटात ठेवायला आता जागा नाही. तू वाईट नाहीस, मला हा आजार तू दिला नाहीस, हे सगळं मला कळतं, तरी राग येतो. मी उतरले तर लोक हसतील याची तुला काळजी होती. मी आत जळेन हे तुझ्या मनातही आलं नाही. तुला ठाऊक नव्हतं हे खरं, पण तू कधी विचारलंही नाहीस. वर काय दिसतं तेच विचारत राहिलास.

एवढं मी गिळलं असतं. पण गेल्या रविवारी बारकी घरी आली. ओठांना चिरा पडलेल्या, चेहरा सुकलेला. पाणी दिलं तर भांडं बाजूला सारून हसली. म्हणाली, "सराव चाललाय ताई. बाबा म्हणतात, आत्तापासून सवय केली की कामावर जड जाणार नाही." आणि मग नवरा आत गेला तसा आवाज खाली आणून विचारलं, "पण जाताना जळजळतं गं. तुलाही व्हायचं का सुरुवातीला? पुढे कमी होतं ना?"

मी तिला सगळं सांगितलं. तुला सांगितलं त्याहून जास्त सांगितलं, कपड्यांवरचे डागसुद्धा. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, पोहोचलं. मग म्हणाली, "म्हणजे तू उतरलीस." एवढंच. नंतर माझा हात हातात घेऊन, "बाबांना एवढ्यात नको सांगूस हं, त्यांना सोसायचं नाही. आणि माझी काळजी करू नकोस, मी घट्ट आहे." भांडं तसंच भरलेलं ठेवून गेली.

माझं ती ऐकणार नाही. तिच्या लेखी मी न टिकलेल्यांपैकी एक आहे. तुझं ऐकेल. तेव्हा हवंय ते आता लिहिते. तिला तुझ्या हाताने पाणी दे आणि पिऊन होईपर्यंत समोरून उठू नकोस. डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागे लिहिलाय, तिथे तू स्वतः घेऊन जा. कामावर पहिल्याच दिवशी तिला सांगू दे की मधे खाली उतरावं लागेल. ते म्हणतील, मग येऊच नकोस. म्हणू देत. तिला घरी बसावं लागलं तर बसव, ती तुझ्यावर ओरडेल, ओरडू दे.

आणि नुसतं 'पाणी पी' म्हणालास तर तुझ्यासमोर पिईल आणि तिकडे जाऊन तोडेल. मीही तेच केलं असतं. तिला सांग की तू मला जे शिकवलंस ते चुकीचं होतं. चुकलो, हा शब्द तिने तुझ्या तोंडून ऐकायला हवा. मला नाही म्हणालास तरी चालेल, मला आता त्याचा काही उपयोग नाही.

तुझ्या शब्दाबाहेर कधीही न गेलेली,
तुझी भाची