तीन नंबरचा वाफा

मी अनासिया, कै. एलिनामी टेंबा यांची विधवा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा शेती आणि गाय, राहणार किरुओ, किलिमांजारोचा दक्षिण उतार, हे माझं अखेरचं इच्छापत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. अक्षर माझं, चष्मा माझा, आणि डोकंही अजून माझंच. कोणी दटावलेलं नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. याआधी एक कागद केला होता, तो मी चुलीत घातला. त्यात खोटं काही नव्हतं, पण एक गोष्ट गाळली होती.

सोमवारी मोशीच्या मोठ्या दवाखान्यात माझं पोट उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाला, "आजी, घाबरायचं नाही." मी विचारलं, "तुम्ही घाबरलात का?" तो हसला नाही. म्हणून हा कागद.

आज शनिवार, सकाळचे दहा. तीन वाजता साक्षीदार येतील. आमच्या रिवाजानं एक साक्षीदार कुळातला लागतो, एक बाहेरचा, आणि सह्यांआधी कागद मोठ्यानं वाचावा लागतो. बाहेरचे म्हणजे आपले पाद्री शाओ. कुळातला जाणता पुरुष आता एकच उरला आहे, माझा धाकटा दीर झेफानिया. अंगणाला अंगण लागून आहे आणि पाच वर्षं आमचं बोलणं नाही. पाचवं कलम त्याच्यासमोर वाचायचं आहे. ते ऐकून तो उठून गेला तर सही नाही, आणि सही नाही तर हा कागद चूल पेटवायला बरा. तरी लिहिते.

कलम १. राहतं घर, स्वयंपाकाची खोली आणि गोठा माझी मुलगी ऐकारुवा हिला. रिवाज म्हणतो घर मुलाला द्यावं. रिवाजाला म्हणावं, पहाटे गोठ्यातलं शेण कोण काढतं ते एकदा येऊन बघ.

कलम २. गाय मसिका आणि तिची कालवड, दोन्ही ऐकारुवाला. केळीचा बुंधा चिरून घातला की गायीचं पोट भरतं, कासेत काही येत नाही, हे तिनं लक्षात ठेवावं. हत्तीगवत कमरेएवढं झालं की कापायचं, डोक्यावर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर नुसत्या काड्या होतात. सोबत वेलाचा पाला मूठ मूठ घालायचा. हे मी तिला इतक्या वेळा सांगितलंय की परवा ती म्हणाली, "आई, ही गाय तुझी आहे का कोकुतोना बाईंची?" कोकुतोना बाई कोण ते पाचव्या कलमात येईल.

कलम ३. हातानं फिरवायची कडबाकुट्टी आळीतल्या चार घरांत मिळून. ज्याच्याकडे पातं मोडेल त्यानं बसवून द्यावं, एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू नये. विळे तीन आहेत. धारेचा ऐकारुवाला. बोथट माझा मुलगा गॉडलिसन याला, म्हणजे त्याचं बोट कापायचं नाही. तिसरा विळा माझा नाहीच, माझी जाऊ, म्हणजे झेफानियाची बायको नामसिफू, हिचा आहे. तो माझ्याकडे कसा आला तेही पाचव्यात.

कलम ४. गॉडलिसन, राहणार आरुशा. रस्त्याकडची केळीबाग आणि कॉफीची झाडं त्याची. डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथं त्यानं खोल्या बांधाव्यात, नाहीतर महाल बांधावा. पण त्याचा डोळा पाटाकडच्या गवताच्या पट्ट्यावर आहे, कारण तिथून बर्फ दिसतं. गेल्या रविवारी फोनवर म्हणाला, "आई, जेसीबी ठरवलाय मंगळवारचा. तू दवाखान्यातून येईस्तोवर जागा साफ."

"तिथं गवत आहे," मी म्हटलं.

"गवतच ना?"

"गवतच."

"मग गवतासाठी कोणी जीव टाकतं का गं?"

मी फोन ठेवला. तो पट्टा गॉडलिसनला देत नाही. मंगळवारी मी जिवंत असेन तर दवाखान्यातून उठून त्याला काठी दाखवीन. नसेन तर हा कागद दाखवा.

कलम ५. सदर पट्टा, लांबी पस्तीस पावलं, ज्याला सगळं गाव तीन नंबरचा वाफा म्हणतं.

एलिनामीला जाऊन दोन महिने झाले होते. संशोधन केंद्रातली कोकुतोना बाई, मूळची व्हिक्टोरिया सरोवराकडची, गावात गवत लावून बघायला जागा शोधत होती. पुरुषांनी तिला चहा पाजला, जागा कोणी दिली नाही. मी दिली. चार वाफे, हत्तीगवताच्या चार जाती, प्रत्येक वाफ्याच्या उशाला नंबर लिहिलेली खुंटी. ती म्हणाली, "ताई, घाई करायची नाही. दोन पावसाळे कापून बघू. कापल्यावरही जे जोमानं उठेल तेच लोकांना द्यायचं." मला ते पटलं. मी स्वतःही तेव्हा कापल्यासारखीच झाले होते.

दुसऱ्या वर्षी झेफानियानं आमच्या मधली इसालेची रांग उपटून माझ्याकडे चार पावलं सरकवली. इसालेचं झुडूप ही आमच्याकडे जमिनीची हद्द, आणि हद्द हलवणं म्हणजे थडग्यातल्यांशी भांडण. मी कुळाच्या बैठकीत बोलले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, बाईनं गाय सांभाळावी. जमीन आम्ही सांभाळतो." सगळे हसले. मीही हसले, आणि तेच मला अजून बोचतं.

पुढच्या मार्चमध्ये बेणं वाटायचं ठरलं. पहिले गठ्ठे झेफानियाला, कारण त्याची जमीन मोठी. तो वाढवणार आणि आणखी नऊ घरांना देणार. त्या सकाळी बाईची गाडी खाली चिखलात रुतली. तिचा फोन आला. "ताई, तीन नंबरच द्या. चौथ्याला खुजा रोग लागलाय, कापला की पिवळा पडून बसतो. त्यातली एक कांडी बाहेर जाऊ देऊ नका. मुळासकट जाळा." मी हो म्हटलं.

मग विळा घेतला आणि चौथा वाफा कापला. बेण्यासाठी राखलेल्या बाजूला कांड्या चांगल्या उंच आणि हिरव्या होत्या, रोग पोटातला, वरून दिसत नाही. झेफानिया आला, गठ्ठ्यांकडे बघून म्हणाला, "तीनच ना, वहिनी?"

मी म्हटलं, "तीनच."

त्याच संध्याकाळी मी चौथ्याची मुळं जाळली. रागाच्या भरात केलं असं मी लिहिणार नाही. गठ्ठे बारा होते. बारा गठ्ठे बांधायला वेळ लागतो, आणि माझा राग तेवढा वेळ टिकला.

पहिली कापणी त्याची उत्तम झाली. तो मिशीला पीळ देत हिंडला आणि नऊ घरांना बेणं दिलं. पुढच्या वर्षी तिसऱ्या कापणीला दहाही घरांचं गवत गुडघ्याएवढं राहिलं, पिवळं, दोरीसारखं. त्यात पाऊस ओढला. त्या घरांतल्या बायका पूर्वीसारख्या पहाटे उठून खाली मैदानात गवताला जाऊ लागल्या, दोन तास उतरायचं आणि डोक्यावर भारा घेऊन चार तास चढायचं. हे थांबावं म्हणून तर सगळा खटाटोप केला होता. माझी जाऊ नामसिफू तेव्हा साठीची होती. ऑगस्टमध्ये ओढ्यावरच्या पुलाशी ती भाऱ्याखाली पडली. खुब्याचं हाड मोडलं. लोकांनी तिला उचलून नेलं, भारा तिथंच राहिला, विळा मी उचलला. नेऊन द्यावा म्हणून तीनदा तिच्या दारापर्यंत गेले. तेव्हापासून ती ओट्यावरच्या खुर्चीत असते. माझा गोठा तिला समोर दिसतो. हिरवं गवत कापताना मी तिच्याकडे पाठ करते.

त्यानंतर गावाची बैठक झाली. झेफानिया उभा राहून म्हणाला, "संशोधनवाल्यांनी आपल्यावर प्रयोग केला. ह्या पगारदारांचं गवत ह्यांनाच लखलाभ." कोकुतोना बाईनं वहीतून मान वर केली आणि मला एवढंच विचारलं, "ताई, कोणत्या वाफ्यातलं दिलंत?"

दीडशे माणसं बघत होती. मी म्हटलं, "तीन."

मग तिनं वही मिटली. ती पुन्हा आली नाही, केंद्राचं दुसरं कोणी आलं नाही, आणि शेजारच्या दोन गावांनीही बेणं नको म्हणून सांगितलं. माझा तीन नंबरचा वाफा मात्र दर वेळी कापला की उठतो. कुणी म्हणतं माझं शेण चांगलं, कुणी म्हणतं मी करणी करते. तीन-चार जणी बेणं मागायला आल्या, मी नाही म्हटलं. त्यांच्या दारात ते तरारलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग झेफानियाला दिलं ते काय होतं? माझं खोटं झाकायला मी दहा घरांच्या गायी अर्धपोटी ठेवल्या. आता या उतारावर ते गवत फक्त त्या पस्तीस पावलांत आहे, आणि मंगळवारी तिथं जेसीबी येणार आहे.

फसवणूक केंद्रानं केली नाही. मी केली. हे पाद्र्यांनी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर वाचावं, आणि याची एक प्रत कोकुतोना बाई जिथं असेल तिथं पाठवावी.

कलम ६. सदर पट्टा ऐकारुवाकडे राहील, पण मालकीण म्हणून नाही, राखणदार म्हणून. पुढच्या महिन्यात पाऊस लागला की दहाही घरांना बेणं द्यायचं. आधी त्यांच्याकडचे खुजे ठोंब मुळासकट उपटून जाळायचे, त्याशिवाय एक कांडी द्यायची नाही, मग कोणी कितीही रडो. तीन डोळ्यांची कांडी, दोन डोळे मातीत, एक वर. दहाही घरांची तिसरी कापणी हिरवी उठेपर्यंत पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर गॉडलिसनला तिथून बर्फ बघायचं असेल तर स्टूल टाकून बघावं.

पहिले बारा गठ्ठे झेफानियाचे. वकील म्हणतो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. मिळत नाहीये. त्याचं होतं ते परत जातंय.

कलम ७. आमच्याकडे चुकलेल्या माणसानं इसालेचं पान गाठ मारून पाठवलं की समोरच्यानं ते परत करायचं नसतं. कितीही मोठा गुन्हा असो, पान हातात घेतलं की वैर संपलं. झेफानियानं सरकवलेल्या त्या रांगेतलंच एक पान मी आज सकाळी तोडलं. मला माहीत आहे की पान देऊन मी त्याला पेचात धरते आहे. मला लाज वाटते, पण दुसरा उपाय सुचत नाही. चार पावलांचा माझा दावा मी सोडते. विळ्याशेजारी पान ठेवलं आहे.

कलम ८. माझ्या मातीला केळ्याची दारू भरपूर असावी, भाषणं कमी.

तीन वाजायला वीस मिनिटं आहेत. फाटक वाजलं. तो लवकर आला आहे, कोट घालून.

पुरवणी, त्याच दिवशी, सव्वाचार वाजता, माझ्याच हातानं. पाद्र्यांनी कागद वाचला. पाचव्या कलमात "तीनच" हा शब्द आला तेव्हा झेफानिया उठला आणि बाहेर गेला. पाद्री थांबले. मी म्हटलं, "वाचा, भिंतीला ऐकू द्या." त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. खिडकीतून तो वाफ्यात उभा असलेला दिसत होता. मग त्यानं वाकून एक ठोंब दोन्ही हातांनी हलवून बघितला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कांडी होती.

"हे तीन?" त्यानं विचारलं.

"हे तीन, भावजी."

"नामसिफूला माहीत आहे?"

"नाही."

त्यानं कांडी टेबलावर ठेवली आणि पेन मागितलं. सही करायला त्याला इतका वेळ का लागला ते मला कागद परत हातात आल्यावर कळलं. त्यानं लिहिलेलं मी खोडत नाही, ते या कागदाचा भाग समजावं.

ठिकाण: किरुओ
दिनांक: १६ ऑक्टोबर २०२१

लिहून देणार: अनासिया एलिनामी टेंबा (सही)

साक्षीदार १: पाद्री ओबादिया शाओ (सही). कागद माझ्यासमोर वाचला गेला.

साक्षीदार २: झेफानिया टेंबा (सही). पान घेतलं. परत करता येत नाही म्हणून घेतलं. विळा घेतला नाही, तो तिचा तिला द्या, तोंडानं सांगून. मंगळवारी जेसीबीसमोर मी उभा राहीन. पण वहिनी, बारा गठ्ठे तुम्ही स्वतः घेऊन यायचे. मेलेल्या माणसाच्या हातचं गवत माझी गाय खात नाही.