आ म्हणा

४ नोव्हेंबर
घरी आलो. घशातली गाठ काढली. साधी निघाली, म्हणजे जीव वाचला. आवाजाचं मात्र डॉ. बाई काही कबूल करत नाहीत. "महिनाभर मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. मग घशात आरसा घालून बघू." मी वेरूळचा गाइड. आवाज आला नाही तर मी काय करू, असं पाटीवर लिहिलं. त्यांनी वाचलं आणि पाटी माझ्या बायकोकडं, मंगलकडं दिली.
लई थकवा. पडून राहायचाही कंटाळा.

७ नोव्हें.
पाटी गळ्यात अडकवून हिंडतो. मंगल चौथी शिकलेली, अक्षर लावत लावत वाचते. वरणात मीठ नाही, हे तिचं वाचून होईतो माझं वरण संपलं. शिवाय माझ्याशी ओरडून बोलते. मी बहिरा झालेलो नाही, असं लिहिलं. वाचलं, आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "ठावं हाय मला."
दुपारभर ओट्यावर. पडेगावच्या या रस्त्यानं वेरूळला जाणाऱ्या गाड्या मोजायच्या नाहीत असं ठरवलंय.

१२ नोव्हें.
रफिकभाई आला. पंधरा वर्षं त्याची टॅक्सी आणि माझं तोंड अशी जोडी. विमानतळावर धरायचा पुठ्ठा मांडीवर ठेवला. "उस्ताद, नाम लिखके देव. हंगरी का पाहुणा है. नये गाइड कू ये लकीर समझती नै." हंगेरीच्या माणसाचं नाव, मधे á.
ही तिरकी रेघ मी पाहुण्यांकडूनच शिकलो. स्पॅनिश माणूस ती देतो जोर कुठं द्यायचा ते सांगायला. हंगेरीवाल्याचा साधा a जरा 'ऑ'कडं झुकतो, रेघ आली की तोंड उघडून लांब आ. म्हणजे आपला कानाच. आइसलंडची एक बाई होती, तिचा á चक्क 'आउ'. व्हिएतनामच्या भिक्खूंनी सांगितलं, आमच्यात ती रेघ म्हणजे सूर वर न्यायचा. एकच अक्षर, मुलूख बदलला की घसा बदलतो. नाव नीट घेतलं की माणूस दिवसभर आपलं ऐकतो, माझं सगळं शास्त्र एवढंच.
पुठ्ठा झकास झाला. हाक दुसराच मारणार. वाईट वाटलं.

१९ नोव्हें.
रफिकभाईबरोबर वेरूळला गेलो. घरात बसून सडलो होतो. मं. म्हणाली, "तोंड मिटून जायचं अन् तोंड मिटून यायचं." मान हलवली.
दहा नंबरचं लेणं. तिथं आमची सगळ्या गाइडांची रीत आहे : आत गेलं की बोलण्याआधी एक लांब आ लावायचा. छताच्या दगडी फासळ्या तो घुमवतात, पाहुणे वर बघतात, मग आपण माहिती सुरू करायची. नवा गाइड बाहेर कुणाशी तरी बोलत राहिला. पाहुणे माझ्यामागून आत आले. पावलं ओळखीची, गारवा ओळखीचा, आणि मी आ लावला. लक्षातच नाही राहिलं.
पंक्चर टायरसारखं काहीतरी निघालं. लेण्यानं तेही इमानदारीत घुमवलं. पाहुण्यांनी वर बघितलं.
दारात रफिकभाई. "उस्ताद, ये क्या करे तुम."

२० नोव्हें.
घसा ठणकतोय. मं.ला काही लिहिलं नाही. संध्याकाळी तिनं हळद-दूध आणून ठेवलं. हळू आवाजात बोलली, मी घरी आल्यापासून पहिल्यांदा. "रफिकभाईनी सांगितलं मला. आता काय लिहू बिहू नका." पाटी घेतली, ओल्या फडक्यानं पुसली, परत माझ्या गळ्यात घातली. रडत होती. मलाही भरून आलं, पण हुंदक्यालासुद्धा आवाज लागतो. तो दाबला.

२७ नोव्हें.
काही नाही. गाड्या मोजल्या.

१ डिसें.
दाढी करताना आरशात नुसतं तोंड उघडून बघितलं. स्पॅनिश आ, हंगेरीचा आ, आपला आ. बिनआवाजाचे सगळे सारखेच दिसतात, जांभई दिल्यागत. मं. दारातून बघत होती. "दात दुखतुय व्हय?" मान हलवली, व्हय.
पोट कशावर भरायचं याचा विचार करायचा आहे. उद्या करू. उद्या करू असं गेला महिनाभर चाललंय.

४ डिसें.
दवाखान्यात गेलो. आधी पाटीवर कबूल केलं : एकदा आ लावला, दहा नंबरच्या लेण्यात. डॉ. बाईंनी वाचलं आणि पाटी मं.कडं दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दांडीचा छोटा आरसा वाफ धरू नये म्हणून दिव्यावर शेकला. माझी जीभ कापडानं धरून बाहेर ओढली.
"आ म्हणा."
पाटी मं.कडं होती, नाहीतर विचारलं असतं, कुठला आ. ती समोर स्टुलावर बसलेली. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आधी उघडतं, तसं तिचं तोंड माझ्याआधी उघडलं. डोळे माझ्या घशावर. तिच्याकडं बघत मी आ म्हटलं.
काहीतरी निघालं. आवाज होता की नुसती हवा, मला कळलं नाही. मं.चं तोंड तसंच उघडं.
डॉ. बाईंनी आरसा काढला, पुसला, पुन्हा दिव्यावर धरला.
"परत."